दोन्ही घरचा पाहुणा

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की बालाघाटच्या डोंगररांगेतली गावं रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार. बीड जिल्ह्यातल्या या तालुक्यांत जमीन मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोनं मिळून एक कोयता म्हणून निघायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, पिठाचं पोतं, भांडीकुंडी, कोंबड्या भरायच्या आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या, कधी थेट बेळगावकडच्या उसाच्या फडांवर जाऊन कोपी, म्हणजे झोपडी, घालायची. साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेपर्यंत, माघारी येणं नाही. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं.

अशाच एका गावाची ही गोष्ट.

गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून तिथं दरवर्षी हंगामी वसतिगृह चाले. म्हणायला वसतिगृह, पण मुलं झोपायला आपापल्या आजी-आजोबांकडं जात. शाळेत त्यांना दोन वेळचं जेवण मिळे. दुपारी सगळ्यांबरोबर खिचडी आणि शाळा सुटल्यावर भाजी-भाकरी. स्वयंपाक करायच्या शांतामावशी. गावातल्याच, शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कुठलं पोर वरण नको म्हणतं आणि कुणाला दुसरी भाकरी लागते हे त्यांना तोंडपाठ.

सातवीच्या वर्गात कोमल होती. तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर, शाळेपासून दीड किलोमीटर. मधे पांदणीचा रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि निम्म्या वाटेवर ओढ्याचा नळकांडी पूल. मागच्या वर्षापर्यंत वस्तीवरच्या चार मुली मिळून हा रस्ता चालत. यंदा तिघींचे आईबाप त्यांना बरोबर घेऊन गेले. एकीला धाकट्या भावंडाला सांभाळायचं होतं, दुसऱ्या दोघींच्या घरी मागं राहणारं कुणी म्हातारं माणूसच उरलं नव्हतं. कोमलची आज्जी अजून खुटखुटीत होती, म्हणून कोमल राहिली. जाताना तिच्या वडिलांनी, आप्पांनी, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "साळा बुडवू नको. आमचा कोयता तुज्या हातात येऊ नये म्हणून आमी चाललोय."

दिवाळीची सुटी संपली. शाळा भरली, कोमल आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गशिक्षिका मॅडम जूनमध्येच बदलून आलेल्या. त्यांनी वर्गात विचारलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ती फडावर गेली असंल." असं दरवर्षी होतच असे. राहायचं ठरलेली मुलं आईच्या आठवणीनं रडतात, आणि दिवाळीनंतर एखादा चुलता त्यांना फडावर पोहोचवून येतो. मॅडमनी वडिलांच्या नंबरावर फोन लावला, तो बंद होता. फडात वीज नसते, मोबाइल चार्ज व्हायला ट्रॅक्टर यावा लागतो, हेही नेहमीचंच. मॅडमनी हजेरीपटावर कोमलच्या नावापुढं 'स्थलांतरित' असं लिहिलं आणि त्या पुढच्या कामाला लागल्या.

तिकडं वस्तीवर आज्जी रोज पहाटे उठून नातीची वेणी घालत होती. रोज साडेनऊला कोमल दप्तर पाठीला लावून निघत होती, आणि रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास परत येत होती. आज्जीला घड्याळ कळत नव्हतं, पण सावली कळत होती. पोरगी वेळेवर जाते, वेळेवर येते, आणखी काय पाहिजे?

शाळेच्या लेखी कोमल आईबापाजवळ होती. घराच्या लेखी ती शाळेत होती. प्रत्यक्षात ती वस्तीमागच्या टेकडीवर, म्हसोबाच्या ठाण्याजवळच्या लिंबाखाली दिवसभर बसून असे. एकटी आणि उपाशी.

हे असं तीन आठवडे चाललं.

उलगडा झाला तो हातपंपावर. एका सकाळी आज्जी गावात रेशन आणायला आल्या होत्या. पाणी भरणाऱ्या शांतामावशी दिसताच त्यांचा राग उसळला. "काय गं शांते, साळंत लेकरांना जेवाय घालता का न्हाई? सरकार दोन टायमाचं देतंय, आन माझी पोरगी घरी आली की भाकरीचं टोपलं रिकामं करती. सारा दिस उपाशी ठिवल्यावानी!"

मावशींच्या हातातली घागर तशीच राहिली. गेल्या तीन आठवड्यांत कोमलचं ताट त्यांनी एकदाही वाढलं नव्हतं. त्यांनी आज्जींना काही बोलून दाखवलं नाही. "बगते मी, आज्जी," एवढंच म्हणाल्या. घागर तिथंच ठेवून त्या तडक शाळेत आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिलाय बगा. तुमी म्हणता ती फडावर हाय, आज्जी म्हणती ती साळंत हाय. माझ्या ताटावर तर ती न्हाई. मंग हाय कुठं?"

ही म्हण आपण लहानपणापासून ऐकलेली. पाहुण्याला दोन घरांची आमंत्रणं असली की हे घर म्हणतं तिकडं जेवला असेल, ते घर म्हणतं इकडं जेवला असेल. दोन्ही घरं प्रेमळ असतात, दोन्ही चुली पेटलेल्या असतात, आणि पाहुणा रिकाम्या पोटी झोपतो. त्याच्या उपासाला कुणाचा दुष्टपणा लागत नाही. दोन घरांनी एकमेकांना न विचारणं तेवढं पुरतं.

त्याच संध्याकाळी मॅडम आणि मावशी वस्तीवर गेल्या. जाताना वाटेत मावशींनी एक गोष्ट सांगून ठेवली. "मॅडम, गेल्या गेल्या 'कुठं होतीस' म्हणून इचारू नका. पोरगी गप बसंल ती कायमचीच." मॅडमनी ते ऐकलं.

कोमल चुलीपुढं बसली होती. मॅडमना पाहून तिचा चेहरा उतरला. मावशी तिच्या शेजारी बसल्या, परातीतलं पीठ पुढं ओढलं आणि भाकरी थापायला लागल्या. आज्जींना सगळं कळल्यावर त्या ओरडणारच होत्या, पण मॅडमनी त्यांचा हात धरून शेजारी बसवून घेतलं. मग मॅडमनी कोमलचं दप्तर मागून घेतलं. गणिताची वही उघडली. दिवाळीनंतरचे दोन्ही धडे सोडवलेले होते. कुणी शिकवलं नव्हतं, तरी उदाहरणावरून उदाहरण ताडत पोरीनं टेकडीवर बसून ते केले होते. काही उदाहरणं बरोबर होती, काही चुकली होती. खाली तारखा घातलेल्या होत्या, रोजच्या रोज.

शाळा नको असलेल्या मुलीची ही वही नव्हती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "कोमल, तुला शाळेत यायचंय हे मला या वहीवरून कळलं. वाटेत काहीतरी आडवं येतंय. तुला वाटेल तेव्हा सांग."

बराच वेळ कोमल तव्याकडं पाहत राहिली. मग तिनं उलट प्रश्न विचारला, "मी सांगितलं तर माझी साळा बंद करणार न्हाईत ना?"

या एका प्रश्नात तिच्या तीन आठवड्यांच्या मौनाचं कारण होतं. मॅडम म्हणाल्या, "शाळेकडून बंद होणार नाही, हा माझा शब्द." कोमलनं मान वळवून आज्जीकडं पाहिलं. मॅडमचा शब्द तिला पुरेसा नव्हता, कारण शाळा काही फक्त शाळेकडून बंद होत नाही. आज्जींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडनं बी न्हाई, बाई. तुज्या आप्पाची आण."

दोन्ही शब्द मिळाले तेव्हा ती बोलली. पुलाजवळ एक जण मोटारसायकल लावून उभा असतो. आधी नुसतं नाव विचारायचा. मग गाडी हळूहळू तिच्या बरोबरीनं चालवायला लागला. मग मोबाइल नंबर मागायला लागला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यानं गाडी आडवी लावली आणि हात धरला. ती हिसडा देऊन पळाली. तो आप्पांच्या मुकादमाचा पुतण्या होता. आप्पांच्या डोक्यावर त्याच मुकादमाची उचल होती. घरी सांगावं तर 'पोरगी मोठी झाली, लगीन लावून टाका' म्हणतील. वस्तीवरच्या दोघी-तिघींचं तसंच झालेलं तिनं पाहिलं होतं. शाळेत सांगावं तर मॅडम घरी सांगतील. ज्या दोन दारांत मदत मागायची, त्या दोन्ही दारांतून तिला आपली शाळा जातानाच दिसत होती. मग तिनं तिसरी जागा शोधली, ती टेकडी.

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू पळालीस ते बरोबर केलंस. तुझं काहीच चुकलेलं नाही. आता एक खरं सांगते. हे मी कुणालाच सांगणार नाही, असं वचन मी देणार नाही. ज्यांना सांगितल्याशिवाय तुझी वाट मोकळी होणार नाही, त्यांनाच सांगीन, आणि त्यांना सांगायच्या आधी तुला सांगीन." मोठी माणसं अशा वेळी पटकन 'कुणाला नाही सांगणार' म्हणून टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी तो शब्द मोडतात. कोमलला खरं कळलं, म्हणून तिचा विश्वास टिकला.

दुसऱ्या दिवशी मॅडम मुख्याध्यापक गुरुजींपुढं बसल्या. गुरुजी सज्जन होते, निवृत्तीला आले होते. ते म्हणाले, "शाळेचं नाव खराब होईल. शिवाय तो माणूस वजनदार. गावातल्या गावात बोलून मिटवू."

मॅडमनी शांतपणे सांगितलं, "गुरुजी, ही मिटवायची गोष्ट नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीला संरक्षण दिलंय. वाईट हेतूनं मुलीचा वारंवार पाठलाग करणं हाच मुळी गुन्हा आहे. यानं तर हात धरलाय. आणि आपल्याला कळल्यावर पोलिसांना न सांगणं हाही गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवा. आज आपण मिटवलं, तर उद्या पुलावर दुसरी पोरगी असेल. तिला कळलेलं असेल की शाळेत सांगून काही होत नाही."

गुरुजी उठून खिडकीपाशी गेले. मैदानात मुलं खेळत होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आधी तिच्या आईबापाशी बोलू. त्यांना अंधारात ठेवून आपण काही केलं, तर ते आपल्यापासून तुटतील, आणि पोरगी पुन्हा एकटी पडेल."

फोन लागला तो रात्री नऊला. फडावरून कोपीत परतल्यावर आप्पांनी ऐकलं आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, "उद्याच्या उद्या तिला इकडं घिऊन येतो. न्हाईतर तिच्या मामानं एक स्थळ आणलंय..."

पुढचं बोलू न देता कोमलच्या आईनं फोन हातात घेतला. तिनं दिवसभर मोळ्या वाहिल्या होत्या, आवाज थकलेला होता, पण एकेक शब्द ठाम होता. "पोरगी खरं बोलली, त्याची सजा पोरीलाच कामून? तिची साळा बंद केली तर दुसऱ्या बारीला ती तोंड उघडंल का? आन तिच्या धाकट्या बहिणीनं ह्यातून काय शिकायचं? मॅडम, तुमी तक्रार द्या. आमी तुमच्या मागं हावोत."

"आन उचल?" आप्पांचा आवाज मागून आला.

याचं उत्तर मॅडमकडं नव्हतं. ते आप्पांनीच शोधलं. त्या रात्री त्यांनी टोळीतल्या सगळ्यांना शेकोटीभोवती बसवलं आणि मुलीचं नाव न घेता सांगितलं की आपल्या गावच्या पुलावर मुकादमाचा पुतण्या लेकींना अडवतो. टोळीतल्या जवळजवळ प्रत्येकाची लेक, बहीण नाहीतर भाची गावात मागं होती. दुसऱ्या दिवशी मुकादम फडावर आला तेव्हा सगळे कोयते बांधावर ठेवलेले होते. भर हंगामात टोळी बसली तर कारखान्याला जबाब मुकादमाला द्यावा लागतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "पुतण्या हाय म्हणून मी मधी पडणार न्हाई. कायदा काय करायचं ते करू द्या."

पोलीस ठाण्यातून महिला उपनिरीक्षक आल्या. गणवेशात नव्हे, साध्या साडीत. मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेश घालायचा नाही, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा आणि त्याच्या विश्वासाचं माणूस जवळ बसवायचं, हे कायद्यातच लिहिलं आहे. कोमल एका बाजूला आज्जी आणि दुसऱ्या बाजूला मॅडम बसवून बोलली. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. गुन्हा नोंदला गेला, त्या माणसाला अटक झाली. गुरुजींनी सगळ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं की या मुलीचं नाव शाळेबाहेर कुणाच्या तोंडी येता कामा नये, कारण तिची ओळख जपणं ही कायद्यानं घातलेली जबाबदारी आहे आणि माणूस म्हणूनही आपली आहे.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण मॅडमना झोप लागत नव्हती. एक माणूस वाटेतून हटला. पण तीन आठवडे एक मुलगी दोन घरांमधल्या ज्या फटीत हरवली होती, ती फट तशीच होती. त्या फटीतून उद्या दुसरं कुणी पडेल.

३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, शाळेत सभा भरली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्मा हिस्सा स्त्रियांचा असतो. पण निम्मी समिती फडावर होती आणि हंगामात तिची बैठक कागदावरच होत असे. त्या दिवशी प्रथमच गुरुजींनी मागं राहिलेल्या आज्या-आजोबांना निरोप धाडले. "दप्तर तुम्ही भरता, वेणी तुम्ही घालता, तर सभेलाही तुम्हीच हवेत," असं त्यांनी सांगितलं. फडावरचे आईबाप फोनवर आले. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला होता. गुरुजींनी भाषण लांबवलं नाही. ते म्हणाले, "१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की वाटेत त्यांच्यावर शेण आणि दगड पडायचे. शाळेत शिकवणं जेवढं मोलाचं, तेवढंच शाळेच्या वाटेवर टिकून राहणं मोलाचं होतं. त्या वाटेला शाळेचं फाटक नसतं आणि घराचा उंबराही नसतो. मग ती कुणाची? आजपासून ती दोघांची."

मग कोणाचंही नाव न घेता कामाचं बोलणं झालं. ठरलं ते असं. हजेरी झाली की पंधरा मिनिटांत न आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन जाईल. ज्या आज्जीकडं फोन नाही, तिच्या शेजाऱ्याचा नंबर मॅडमच्या वहीत राहील. 'स्थलांतरित' हा शेरा पालकांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणी लिहायचा नाही. मूल खरंच फडावर गेलं, तर त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि तिथल्या शाळेत नाव लागलं का याची खात्री करायची. वस्तीवरच्या मुलांना आणायला-पोहोचवायला रोज एक मोठं माणूस पाळीनं येईल. तक्रारपेटी गुरुजींच्या दालनासमोर होती, तिथं सगळ्यांच्या देखत चिठ्ठी टाकायला कोण धजणार? ती पाण्याच्या टाकीमागं हलवली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. दर रविवारी रात्री फडावरच्या पालकांशी मॅडम बोलतील, आणि मूल चुकलं असेल तेव्हाच बोलायचं असं नाही, मुलानं काही चांगलं केलं तर तेही सांगतील.

शेवटी कोमलच्या आज्जी उठल्या. सभेत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "ह्ये सगळं बरं हाय. पर एक राहिलं. लेकरू सांगाय आलं तर त्याची साळा बंद होणार न्हाई, त्याच्या लग्नाचं बोलणं निघणार न्हाई, ह्ये आधी कबूल करा. न्हाईतर तुमची पेटी रिकामीच राहील." सभा शांत झाली. मग टेबलावरच्या फोनमधून एका आईचा आवाज आला, "कबूल." त्यामागोमाग दुसरा, तिसरा. मग समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात वर केले. गुरुजींनी ते इतिवृत्तात पहिल्या क्रमांकावर लिहिलं आणि खाली सगळ्यांचे सही-अंगठे घेतले.

फेब्रुवारीत त्याची कसोटी लागली. तिसरीतला एक मुलगा हजेरीला नव्हता. पंधरा मिनिटांत शेजाऱ्याच्या फोनवर त्याच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "साळंतच गेलाय की!" मागच्या वर्षी हे दोन्हीकडचे गैरसमज महिनाभर सुखानं नांदले असते. या वेळी अर्ध्या तासात दोन माणसं दोन दिशांना निघाली. पोरगा एसटीच्या थांब्यावर सापडला, खिशात पाच रुपये घेऊन. त्याला सांगलीला जायचं होतं, आईकडं. कुणी त्याला रागावलं नाही. मॅडमनी मांडीवर बसवून फडावर फोन लावून दिला. आई-लेक दोघंही रडले. त्या दिवसापासून मधल्या सुटीत मावशींच्या चुलीजवळ एक फोन ठेवलेला असे, आणि ज्या मुलाला आईची फार आठवण येईल त्याला तिच्याशी बोलता येई. मुलांना वाईट माणसापासून जपावं लागतं, तसंच त्यांच्या एकटेपणापासूनही जपावं लागतं, हे त्या शाळेला असं कळलं.

पट्टा पडला, ट्रॅक्टर परतले. कोमलचा सातवीचा निकाल लागला तेव्हा आप्पा स्वतः शाळेत आले. पुढच्या हंगामात वस्तीवरच्या त्या तीन मुलीही मागं राहिल्या. त्यांच्या आईबापांनी एवढंच विचारलं होतं, "कोमलची आज्जी आमच्याबी पोरी बगंल का?" आज्जी म्हणाल्या होत्या, "मी एकली न्हाई. साळा बी बगती."

तात्पर्य हे की मूल दोन घरांत वाढतं, एक आईबापाचं आणि एक शिक्षकांचं. दोन्ही घरं चांगली असूनही मूल असुरक्षित राहू शकतं, कारण धोका घरांत नसेल तेव्हा घरांच्या मधल्या वाटेवर असतो. ती वाट राखायला भिंती आणि कॅमेरे पुरत नाहीत. रोजचं एक विचारणं लागतं, 'पोहोचली का?' आणि 'निघाली का?' त्याहून मोठी गोष्ट अशी की खरं सांगणाऱ्या मुलाला त्याची किंमत मोजावी लागणार नाही, हा शब्द घर आणि शाळा या दोघांनी मिळून, संकट येण्याआधीच द्यायला हवा. एकट्या घरानं दिला तर तो अर्धा, एकट्या शाळेनं दिला तरी अर्धाच. तुमच्या मुलांच्या शाळेत पुढची पालकसभा होईल तेव्हा गुणपत्रिकेच्या आधी हा शब्द मागा, आणि तुम्हीही द्या.